आमच्या हिचं कलम

६ नोव्हेंबर

हिची निवड झाली!

फोन आला तेव्हा मी एका हवालदाराच्या कमरेचं माप घेत होतो. त्याने पोट आत ओढून धरलेलं, मी फोन खांद्यात धरलेला. पलीकडून कुणी बाई म्हणाल्या, देशाच्या हवामान धोरण समितीवर आपल्या पत्नींची नेमणूक झाली आहे. मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. हवालदाराने श्वास सोडला आणि टेप माझ्या हातातून निसटली.

"वहिनी नेमकं करतात काय हो, मास्तर?"

काय करते! डोंगरावरचं गवत कधी जाळायचं, कुठलं जाळायचं, कुठलं राखायचं हे हिच्या लोकांत एकच माणूस ठरवतं. सध्या ती ही आहे. थंडीत, गवत अर्धं ओलं असताना, लहान लहान आग लावतात. थंड आग म्हणतात तिला. तिच्या शेजारून चालत जाता येतं. ससे, पाखरं घाई न करता बाजूला होतात. एक तुकडा जाळायचा, शेजारचा सोडायचा. मग उन्हाळ्यात वणवा वर चढला की जळलेल्या तुकड्यापाशी येऊन त्याला खायला काही मिळत नाही. सरकारने कित्येक वर्षं याला बंदी घातली. गवत साठत गेलं, उन्हाळे तापत गेले, आणि वणवे असे लागले की हमरस्त्याचं डांबर पातळ झालं. आता बंदी उठली आणि आठवण झाली — डोंगरातल्या माणसांना विचारून बघू या!

हवालदाराला हे सगळं सांगितलं. पँटचं माप मात्र चुकलं असणार. उद्या परत बोलवावं लागेल त्याला.

७ नोव्हेंबर

डोंगराच्या बैठकीने हिला समितीवर जायची परवानगी दिली. बैठकीत आम्हा जावयांना जागा नाही. मी तर खालच्या शहरातला, वर येऊन राहिलेला घरजावई — मला दारातसुद्धा उभं करत नाहीत. सासूबाई तिथे सगळ्यांत वडील. बाहेर आल्या आणि मला एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, तिला चांगला कोट शिवा."

१९ नोव्हेंबर

कोट झाला. गडद करडा, आतून निळं अस्तर. हिने घातला, आरशात पाहिलंही नाही. दोन्ही बाजूंना हात फिरवले.

"खिसे कुठेत?"

"बायकांच्या कोटाला खिसे ठेवले की आकार बिघडतो."

"अहो, मी आकार दाखवायला चाललेय का?"

उसवला. चार खिसे लावले. दोन बाहेर, दोन आत. आकार बिघडला. पण काय रुबाबदार दिसते बया!

२ डिसेंबर

राजधानीत. खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या एसीचे डबे दिसतात, बाकी काही नाही. लेक इथेच वकिलीची उमेदवारी करते, ती सकाळी धोरणाचा मसुदा घेऊन आली आणि आईला समजावत बसली. आई चहा पीत ऐकत होती. कलम सातवर येऊन लेक थांबली.

"आई, इथे लिहिलंय — नियंत्रित आगीबाबत स्थानिक समुदायांचा सल्ला घेण्यात यावा."

"सल्ला घेतल्यावर?"

"पुढे काही नाही. पूर्णविराम."

ही हसली. "म्हणजे सल्ला घ्यायचा आणि खिशात घालायचा."

समितीच्या बैठकीत आम्हाला मागच्या खुर्च्यांवर बसायची परवानगी होती. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. अध्यक्षबाई शास्त्रज्ञ आहेत, आवाज मऊ, घड्याळाकडे लक्ष फार. सगळ्यांनी हिचं स्वागत केलं. 'पारंपरिक ज्ञान' हा शब्द इतक्या वेळा आला की मला वाटलं, आता हिला काचेच्या कपाटात ठेवतात की काय! मग हिने हात वर केला आणि म्हणाली, "सल्ला नको. निर्णय लिहा. कधी पेटवायचं आणि कधी नाही, ते त्या त्या डोंगरातली माणसं ठरवतील आणि त्यांचा शब्द अंतिम राहील. वरून कुणी हुकूम द्यायचा नाही."

मग अग्निशमन दलाचे प्रमुख बोलले. आम्ही घरात त्यांना बंबवाले साहेब म्हणतो. उंच, खांदे किंचित वाकलेले, बोलताना टेबलाकडे बघतात.

"आग लावायचा अधिकार कागदावर कुणालाही देऊ नका. माझी माणसं गेली आहेत."

बस्स. एवढंच. विषय पुढच्या बैठकीवर.

मला राग आला होता. परतीच्या बसमध्ये म्हटलं, भलताच आडमुठा आहे. ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तसं नाही. तो आगीला घाबरतो. जो घाबरत नाही त्याच्या हातात मी काडी देत नाही." आणि पुढच्या थांब्यावर उतरून त्यांना फोन केला — थंडी आहे तोवर या, बघायला!

१४ डिसेंबर

आले! स्वतःची जीप, बरोबर दोन जवान आणि वारा मोजायचं यंत्र.

पूर्वेकडचा उतार जाळायचा होता. ही पहाटेपासून वर. गवताची काडी वाकवायची, मोडते का बघायचं. मुळाशी माती चिमटीत धरायची. दव किती उतरलंय, धूर कुठे झुकतो, जमिनीवर घरटी करणारी पाखरं उठली का! आणि हे सगळं एकटीने नाही — बरोबर चारसहा जणी असतात, त्या वाद घालतात. सगळ्यांत जास्त वाद घालते हिची धाकटी बहीण. तिची जीभ माझ्या कात्रीहून धारदार. आज धाकटी म्हणत होती वरून पेटवू, ही म्हणत होती कडेने. बराच वेळ जुंपली. बंबवाले साहेब बाजूला उभे राहून ऐकत होते, जणू आपल्याच खात्याची बैठक.

मग त्यांनी यंत्रावर बघून सांगितलं, "ताई, दुपारी दरीतून वारा उलटा फिरेल. तुमच्या या बाजूला ते दिसणार नाही, मध्ये कडा आहे."

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. "मग कडेने," धाकटी म्हणाली. "आणि लवकर."

मी खाली रस्त्यावर पाण्याचे कॅन घेऊन. घरजावयाचं काम! तिथून दिसलं ते असं — गुडघ्याएवढीही नाही अशी आगीची ओळ, हळूहळू उतरणारी, आणि तिच्या बाजूने सात-आठ बायका-पुरुष गप्पा मारत चालताहेत. आमची ही पुढे, करड्या कोटात! म्हटलं, अगं, नवा कोट! तिला ऐकू गेलं नाही. बरंच झालं.

दुपारी वारा फिरला. तोवर ओळ खाली पोचून विझली होती. साहेबांनी काळ्या जमिनीवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी त्यांना चहा दिला. म्हणाले, "मास्तर, मी एवढी वर्षं आग विझवतच आलो. ती अशी चालवत नेतात हे पाहिलं नव्हतं."

"मग कलम सात?"

"ते वेगळं." चहा संपवला आणि गेले. अरे देवा.

२९ डिसेंबर

कोटाला धुराचा वास बसलाय. जात नाही. ही म्हणते, राहू दे.

११ जानेवारी

समितीची दुसरी बैठक. अध्यक्षबाई हिला बाजूला घेऊन म्हणाल्या, मंत्रिमहोदयांनी कलम सात वाचलं. त्यांना शंका आहे. पण एकदा डोळ्यांनी पाहिलं तर तयार होतील. ते स्वतः तुमच्याकडे यायला राजी आहेत. आठ फेब्रुवारी!

"तारीख कुणी काढली?" हिने विचारलं.

"त्यांच्या कार्यालयाने."

"डोंगराला विचारलं होतं का?"

अध्यक्षबाईंना हसावं की नाही कळेना. मग ही म्हणाली, "येऊ द्या त्यांना. मोसमातला शेवटचा उतार तेवढा उरलाय, शाळेच्या वरचा. तोही करायचाच आहे."

बसमध्ये मी हिशोब मांडला. मंत्री आले, मंत्री खूश झाले, कलम पास! मला तर हार दिसायला लागले. ही झोपून गेली.

३१ जानेवारी

बाजारपेठेत एकच विषय. गिऱ्हाइकं शिलाई विचारायच्या आधी मंत्र्यांचं विचारतात. किराणावाला म्हणाला, मास्तर, आता तुम्ही पण टीव्हीवर दिसणार! मी स्वतःसाठी नवा शर्ट कापायला घेतला. कॉलर जरा रुंद ठेवली.

७ फेब्रुवारी

शाळेच्या मैदानात मंडप. खुर्च्यांना पांढरी कव्हरं. हेलिकॉप्टर उतरायला चुन्याचं वर्तुळ. लेकही आली आहे. ही दिवसभर उतारावर होती, परत आली ती बोटांत माती चोळत.

८ फेब्रुवारी

रात्र फार झालीय. तरी लिहितो.

मंत्री आले. कॅमेरे आले. अध्यक्षबाई, बंबवाले साहेब, सगळे आले. मंत्र्यांनी हिला नमस्कार केला, आमच्या लेकीची चौकशी केली. चांगला माणूस वाटला, उगाच वाईट का म्हणा. मग सगळे उताराच्या पायथ्याशी. ही, धाकटी आणि बाकीच्या वर गेल्या. खाली आम्ही वाट बघतोय.

उतरून आल्या. धाकटीचं तोंड बंद.

ही सरळ मंत्र्यांसमोर उभी राहिली. "आज नाही."

"म्हणजे?"

"गवत वरून बरोबर आहे. मुळाशी कोरडं पडलंय. चार दिवस दव लवकर उडतंय. आज पेटवलं तर आग जमिनीत उतरेल. खाली शाळा आहे."

सचिव पुढे आले. बंबवाले साहेबांना म्हणाले, तुमचं यंत्र काय म्हणतं? साहेबांनी यंत्राकडे पाहिलं. "यंत्र हो म्हणतंय. पण ठरवायचं यांनी आहे."

मंत्री अजून हसतच होते. "अहो ताई, मी इतक्या लांबून आलोय."

"आलात, बरं झालं. चहा घेऊन जा."

कुणीतरी मागे खुदकन हसलं. मंत्र्यांचं हसू गेलं. सचिव हिच्या कानाशी आले — मी जवळच होतो, मला ऐकू आलं — "ताई, एका कोपऱ्यात थोडंसं. फोटोपुरतं. तुमच्याच कलमासाठी सांगतोय मी." आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी माझ्याही तोंडून निघून गेलं — "अगं, थोडंसं पेटव ना!"

हिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. "तुम्हीसुद्धा?" म्हणाली. मग सचिवांना, "फोटोपुरती आग नसते, साहेब."

हेलिकॉप्टर उडालं तेव्हा मंडपाची कापडं फडफडली. नंतर वाऱ्याची एक झुळूक नाही. संध्याकाळपर्यंत पान हललं नाही! मी अंगणात बसून बघत होतो. निदान थोडा वारा सुटला असता तर जगाला दाखवता आलं असतं, हिचं बरोबर होतं. नाही सुटला.

९ फेब्रुवारी

पेपरात: 'मंत्री आले, आग आली नाही!' खाली हिचा फोटो, चार खिशांचा कोट. किराणावाला म्हणाला, मास्तर, आमच्याकडे काडेपेटी होती की! मी त्याची पँट आखूड शिवणार आहे.

११ फेब्रुवारी

लेक परत राजधानीला गेली. जाताना रडली. "आई, कलम गेलं गं." आईने तिची बॅग उचलून बसमध्ये ठेवली, म्हणाली, "गेलं तर पुन्हा मागू."

२१ फेब्रुवारी

ऊन एकाएकी चढलं. गवत सगळीकडे कडकडीत. ही आज वर जाऊन आली, काठी दाराशी टेकवली. "मोसम संपला," म्हणाली. शाळेच्या वरचा उतार तसाच उभा आहे. पिवळा धमक.

१८ मार्च

काल आणि आज वणवा होता.

हमरस्त्याच्या कडेने लागला आणि वर चढला. कसा लागला कुणाला ठाऊक. पूर्वेकडे थंड आगीचे काळे तुकडे होते तिथे येऊन तो अक्षरशः बसला. आपल्या डोळ्यांनी पाहिलं! पण शाळेच्या वरचा उतार धरला त्याने. बंबवाले साहेबांचे जवान आणि हिची माणसं एका ओळीत, हातात ओल्या फांद्या आणि पाइप. मुलांना आधीच खाली हलवलं होतं. शाळा वाचली, एक शेड गेली. माणूस कुणी गेलं नाही. पण वरची जुनी मोहोळांची झाडं गेली, हिच्या आजोबांच्या आधीपासूनची. त्या झाडांवर दर वर्षी मधमाश्या येत.

हिचे केस पुढून होरपळलेत. काळी ठिक्कर पडली आहे. पाणी प्यायली आणि भिंतीला टेकून बसून राहिली.

२० मार्च

लोक तोंडावर बोलायला लागले. त्या दिवशी पेटवलं असतं तर हा उतार वाचला असता! दुकानात बोलले, रस्त्यात बोलले. डोंगरातलेही बोलले, तेच जास्त लागलं.

आज मीच विचारलं. "खरंच वाचला असता का गं?"

"कदाचित."

"मग?"

"किंवा त्याच दिवशी शाळेसकट गेला असता. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. त्या सकाळी हाताला जी माती लागली तिच्यावरून मी नाही म्हटलं. पुन्हा तशी माती लागली तर पुन्हा नाही म्हणेन."

आवाजात जोर नव्हता. समजूत घालत नव्हती, स्वतःची बाजूही मांडत नव्हती. मी तिच्या होरपळलेल्या केसांची टोकं माझ्या चांगल्या कात्रीने सारखी करून दिली. कापडाशिवाय दुसरं काही मी त्या कात्रीने कधी कापत नाही.

४ एप्रिल

राजधानी. शेवटची बैठक. हे सगळं जसंच्या तसं लिहून ठेवलं पाहिजे.

अध्यक्षबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, कलम सात गाळावं असा वरून निरोप आहे. एक सभासद म्हणाले, आठ फेब्रुवारीचा प्रसंग आणि नंतरचा वणवा पाहता निर्णयाचा अधिकार स्थानिकांकडे देणं धोक्याचं. हिला विचारलं, काही म्हणायचंय? ही म्हणाली, "त्या उताराचं दुःख मला तुमच्यापेक्षा जास्त आहे. कलमाबद्दल मी पहिल्या दिवशी बोलले तेच आजही म्हणते."

आणि मग बंबवाले साहेब उठून उभे राहिले. या समितीत कुणी उभं राहून बोलत नाही. आज पहिल्यांदा ते टेबलाकडे न बघता बोलले.

"माझी माणसं गेली त्या दिवशी वारा वाईट होता. आम्हाला खाली ते कळत होतं. वरून फोन आला — पाहुणे येऊन बसलेत, प्रात्यक्षिकाची आग पेटवा. आमच्यातल्या कुणीही नाही म्हटलं नाही. मीही नाही. आठ फेब्रुवारीला माझं यंत्र हो म्हणत होतं, सचिव हो म्हणत होते, स्वतः मंत्री समोर उभे होते. या ताई नाही म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं की चूक, मला ठाऊक नाही. पण नाही म्हणू शकणारं माणूस आगीजवळ हवं, हे मला ठाऊक आहे. आणि ते माणूस कायद्याने तिथे असावं, नशिबाने नव्हे. मी पहिल्या बैठकीत विरोध केला होता. तो मागे घेतो."

खाली बसले. बाटलीतलं पाणी प्यायले.

अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही. हात वर करायला सांगितले. एकेक करत वर गेले. सगळे नव्हेत, पण पुरेसे! 'सल्ला' खोडला. 'निर्णय अंतिम राहील' लिहिलं. आणि अध्यक्षबाई म्हणाल्या, हे मी स्वतः मंत्र्यांकडे घेऊन जाईन.

लेक बाहेर आली आणि भर व्हरांड्यात मला मिठी मारली. मी मागच्या खुर्चीवर बसून दोन्ही हात वर केले होते, ते कुणी मोजले नसावेत अशी आशा आहे.

९ मे

झालं!! मंत्र्यांनी मान्य केलं. कुरकुरत का होईना. त्यांचे सचिव म्हणे म्हणाले, ज्या बाईने साहेबांना परत पाठवलं तिला आता कोण नाही म्हणणार? धोरणाच्या शेवटच्या पानावर समितीच्या सह्या. हिची सही सगळ्यांत मोठी, ओळीबाहेर गेलेली. देशातल्या सगळ्या डोंगरांना, सगळ्या जंगलांतल्या माणसांना लागू! माझ्या बायकोचं कलम!

बाजारपेठेत मी मिठाई वाटली. किराणावाल्यालाही दिली. तो म्हणाला, वहिनींना सांगा, आम्हाला आधीपासून खात्री होती. त्याची पँट तयार आहे.

१२ मे

धाकटी सकाळी दुकानात आली. माप द्यायला. म्हणाली, "भावोजी, मलाही कोट शिवा. यंदापासून आग मी ठरवणार."

मला वाटलं चेष्टा करतेय. तिची चेष्टा नव्हती. सरकारच्या कागदावर ज्याची सही, त्याने डोंगराची आग ठरवायची नाही — दोन्हीकडे बांधलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, असं डोंगराच्या बैठकीचं म्हणणं. हिला हे नोव्हेंबरातच सांगितलं होतं. विचार कर आणि मग जा. कायमचं आहे.

घरी आलो. ही अंगणात चप्पल शिवत बसली होती.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग आठ फेब्रुवारीचा तो उतार —"

"माझा शेवटचा होता," म्हणाली. दोरा दाताने तोडला. "फार मनात होतं हो तो पेटवायचं."